अब्रूचा कोट

आज मी आपणांला एका कोटाची हकीकत सांगणार आहें. आपल्या भाषेंत कोट दोन प्रकारचे; एक अंगांत घालावयाचा आणि दुसरा गांवाभोंवतीं बांधावयाचा. जळगांवाहून धुळ्याला सडकेनें जातांना पारोळें लागतें. तेथें भर गांवांत जुना भुईकोट किल्ला आहे आणि त्याच्याभोंवतीं खंदक आहे. मी लहान असतांना आमची गाडी पारोळ्याला थांबली कीं माझे वडील त्या तटाच्या दिशेनें बोट दाखवून म्हणत, "हा दगडाचा कोट आणि आपला लोकरीचा. काम मात्र दोघांचें एकच. आंत काय आहे आणि काय नाहीं, तें बाहेरच्याला कळूं द्यावयाचें नाहीं." आम्हां मुलांना तो एक विनोद वाटे. त्यांत विनोद किती होता आणि व्यथा किती होती, हें कळावयाला मला स्वतः संसार करावा लागला. आतां माझीं ऐंशीं वर्षें उलटलीं आहेत. तेव्हां घरची गोष्ट चारचौघांत सांगितली म्हणून मला कोणी रागें भरणार नाहीं.

हा लोकरीचा कोट एकच होता आणि त्याचे मालक दोन होते. माझे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणत असूं, जळगांवांत एका कचेरींत कारकून होते. त्यांचे धाकटे बंधु, म्हणजे आमचे काका, धुळ्याला प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. ही हकीकत १९५० नंतरच्या पांचसात वर्षांतली. दोघांच्याही नोकऱ्या अशा, कीं महिन्याचे पंचवीस दिवस धोतर आणि सदरा यांवर भागे. पण कचेरींत मोठे साहेब आले, शाळेंत दिपोटी तपासणीला आले किंवा नात्यांत लग्नमुंज निघाली, कीं कोट हवा. दोन कोट शिवण्याची ऐपत दोघांतून कोणाचीच नव्हती. तेव्हां त्यांनीं निम्मे निम्मे पैसे घालून जुन्या बाजारांतून एक काळा लोकरी कोट घेतला. तात्यांच्या अंगावर तो नीट बसे. काका चार बोटें उंच असल्यामुळें त्यांना बाह्या आंखूड पडत. त्या झांकण्यासाठीं कोट घातला म्हणजे ते दोन्ही हात कोपरांत किंचित् वांकवून उभे राहत, आणि पाहणाराला वाटे कीं मास्तर मोठे अदबशीर आहेत.

कोटाचा प्रवास चाळीसगांवमार्गें होई. जळगांवाहून चाळीसगांव, तेथें गाडी बदलून धुळ्याचा फांटा. कोणी ओळखीचा माणूस निघाला कीं जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेलें पुडकें त्याच्या हातीं देत. पण कोट केव्हां पाहिजे हें एकमेकांना कळवावें कसें? कार्ड उघडें, तें पोस्टमन वाचणार आणि शेजारीही वाचणार. म्हणून दोघां भावांनीं कोटाला एक नांव ठेवलें होतें, काळोपंत. "काळोपंतांना मंगळवारपर्यंत इकडे पाठवावें, फार निकड आहे." "काळोपंत सुखरूप पोंचले. उजव्या बगलेंत थोडा त्रास आहे." आमच्या शेजारच्या आजींची अशी समजूत होती, कीं काळोपंत हे आमचे कोणी वृद्ध आप्त असून प्रकृति बरी नसतांही त्यांना हिंडण्याची फार हौस आहे. एकदां त्यांनीं आईजवळ त्यांच्या बगलेची चौकशीही केली. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरांत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाहीं.

आपण हंसत असाल. आम्हीही पुष्कळ हंसलों. आमचें सारें घरच तशा युक्त्यांवर उभें होतें. शाबूत कानांचे चार कप पाहुण्यांसाठीं आणि कान तुटलेले घरच्यांसाठीं. बाहेरच्या खोलीला पडदा होता आणि तो वाऱ्यानें उडूं नये म्हणून खालच्या दुमडींत खडे शिवलेले होते. पाहुण्यांसमोर आम्हां मुलांना कोणी "आणखी घे" म्हटलें, तर "पोट भरलें" असें म्हणावयाचें हें आम्हांला पाठ होतें. यांतलें कांहींच मला त्या वेळीं अपमानाचें वाटलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आजही वाटत नाहीं. फक्त एक गोष्ट आमच्या ध्यानांत बराच काळ आली नव्हती. ज्या समारंभाला कोट लागतो, त्या समारंभाला दोघे भाऊ कधींच एकत्र दिसत नसत.

१९५६ च्या वैशाखांत आमच्या आक्काचें लग्न जळगांवांत निघालें. कोट त्या वेळीं धुळ्याला होता. लग्नाच्या चार दिवस आधीं एक गृहस्थ पुडकें घेऊन आले आणि त्यांच्याबरोबर काकांची चिठ्ठी आली. "काळोपंतांना पाठवीत आहें. मला बारीक ताप आहे, दगदग झेपणार नाहीं. अक्षता येथूनच टाकतों. काळजी करूं नये." तात्यांनीं ती चिठ्ठी दोनदां वाचली, घडी केली आणि कोटाच्या आंतल्या खिशांत ठेवली. ते कांहीं बोलले नाहींत.

खानदेशचा वैशाख ज्यांनीं अनुभवला आहे, त्यांना त्याविषयीं सांगणें नको. पारा चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं दिसत नाहीं. अशा दिवसांत तात्या लोकरीचा कोट घालून सीमांतपूजनाला उभे राहिले. कसर लागूं नये म्हणून काकूनें खिशांत कडुलिंबाचा पाला घातला होता. त्याचा कडवट वास घामाबरोबर सुटला होता. व्याही सज्जन होते. ते म्हणाले, "अहो, कोट काढून ठेवा, घामानें न्हालां आहांत." तात्या म्हणाले, "असूं द्या, संवय आहे." मांडवाच्या दाराशीं कोणी आलें कीं आक्का मान वळवून पाही. काकांनींच तिला पाटीवर अक्षरें गिरवावयाला शिकविलें होतें. अंतरपाट धरीपर्यंत ती पाहत राहिली, आणि मग तिनें पाहणें सोडलें.

त्याच वर्षीं मार्गशीर्षांत तात्या मला घेऊन धुळ्याला गेले. कोट जळगांवाला खुंटीवर होता. संध्याकाळीं पांझरेच्या कांठीं दोघे भाऊ बसले. मी थोडा दूर खडे वेंचीत होतों. तात्यांनीं विचारलें, "वैशाखांत तुला ताप होता?"

"होता, दादा."

"किती?"

काका नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एका कोटाएवढा."

त्यावर कोणी हंसलें नाहीं. पुष्कळ वेळानें तात्या म्हणाले, "चूक माझी. मुलीचा बाप मी, मोठा भाऊ मी. मी त्या दिवशीं बिनकोटाचा उभा राहिलों असतों, तर तूंही बिनकोटाचा आला असतास. मी घातला, म्हणून तुला येतां आलें नाहीं." आणि मग त्यांनीं एक ठराव मांडला. वर्षांतून निदान एक दिवस असा ठरवावयाचा, कीं ज्या दिवशीं काळोपंतांना आमंत्रण नाहीं.

तो दिवस भरिताचा ठरला. जे श्रोते खानदेशचे नाहींत त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. चातुर्मासांत पुष्कळ घरीं वांगें वर्ज्य असतें. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याच्या भरिताचा नैवेद्य झाला कीं तें पुन्हां सुरू होतें. थंडी पडलेली असते आणि जळगांवच्या आसपास, विशेषतः यावल तालुक्यांतल्या बामणोदकडे, तीं मोठालीं फिकट हिरवीं वांगीं बाजारांत येऊं लागतात. हल्लीं त्यांनाही प्रतिष्ठा आली आहे. २०१६ मध्यें जळगांवच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालें. आमच्या वेळीं तें नुसतें वांगें होतें.

तात्यांच्या एका स्नेह्यांचें शेत आसोद्याच्या वाटेवर होतें. काका, काकू व तीन मुलें आदल्या दिवशीं एस. टी. नें येत. सकाळीं आम्ही सर्वजण पायींच निघत असूं. आजी तेवढी बैलगाडींत बसे. शेतांत कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करावयाचा, त्यांत वांगीं टाकावयाचीं, साल काळी होऊन फुटली कीं काढावयाचीं. बोटें भाजत साल सोलणें हें मुलांचें काम. मग लांकडी बडगींत गर घालून तो ठेंचावयाचा. भाजलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर यांचा त्यांत मेळ घालावयाचा. बरोबर कळण्याची भाकरी. ताटें पुरत नसत. केळीच्या पानांवर जेवण होई, आणि केळीला आमच्या मुलखांत काय तोटा? जेवणानंतर तात्या व काका आंब्याखालीं पाय पसरून बसत आणि बालपणींच्या गोष्टी काढीत. काका हातवारे करून बोलत. त्यांचे हात त्या दिवशीं कोपरांत वांकलेले नसत. त्यांचे हात इतके लांब आहेत, हें मला शेतांतच प्रथम दिसलें.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षीं आक्का व तिचे यजमानही भरिताला आलीं. काकांनीं तिला पाहतांच, कांहीं न बोलतां, एक वांगें सोलून तिच्या पानावर ठेवलें. तिनें तें खाल्लें. त्या दोघांची समजूत तेवढ्यावरच पटली.

आतां माझा स्वतःचा एक अपराध सांगतों. त्या सुमारास शाळेंत आम्हांला "सुट्टींत मी काय केलें" असा निबंध घातला होता. वर्गांतलीं पुष्कळ मुलें मुंबई, नाशिक पाहून आलेलीं. भरीत खाल्लें असें लिहावयाची मला लाज वाटली. म्हणून मीं मुंबईची राणीची बाग रंगवून लिहिली. ती मीं तोंवर पाहिलेली नव्हती. वही तात्यांच्या हातीं पडली. ते रागावले नाहींत. वाचून झाल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "ह्या बागेंत तुझ्याबरोबर कोण कोण होतें रे?" मीं निबंध आठवून पाहिला. माझ्या मुंबईंत मी एकटाच होतों. खोटी ऐट मांडतांना आई, आक्का, काका, आजी यांतलें एकहि माणूस मीं बरोबर नेलें नव्हतें. त्या दिवशीं मला जें उमगलें, तें पुढें पुस्तकांतूनही क्वचितच उमगलें. देखावा उभा करावयाला लागलें, कीं घरचींच माणसें आधीं गळतात. कारण खरें काय आहे तें त्यांनाच ठाऊक असतें.

असें असलें तरी अब्रू सांभाळणाराला हंसणें मला मान्य नाहीं. थॉर्स्टीन व्हेब्लेन नांवाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १८९९ मध्यें एक ग्रंथ लिहून दाखवून दिलें, कीं धनिक लोक पुष्कळसा खर्च उपयोगासाठीं करीत नाहींत, तर लोकांना दिसावा म्हणून करतात, आणि त्यांच्या खालचे थर आपापल्या ऐपतीप्रमाणें त्यांचें अनुकरण करतात. तें खरेंच आहे. पण साध्या माणसाच्या कोटाला तें अर्धेंच लागू पडतें. दिपोटींसमोर काकांनीं कोट घातला नसता, तर त्यांची नोकरी कदाचित् गेली नसती, पण बढती खात्रीनें राहिली असती. गरिबाची अब्रू ही पुष्कळदां त्याची पतच असते. वाणी उधार देतो, घरमालक महिनाभर थांबतो, मुलीला स्थळ सांगून येतें, तें ह्या तटबंदीच्या जोरावर. सुधारकांनीं आणि सुखवस्तु लोकांनीं ह्या बाबतींत पुष्कळ उपदेश केलेला आहे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यांची चौकशी करणाऱ्या समितीनेंच म्हटलें, कीं शेतकऱ्याच्या कर्जाचें कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चाला वाजवीपेक्षां फाजील महत्त्व देण्यांत येतें. तेव्हां कोणाच्या घरीं पडद्यांत खडे शिवलेले दिसले, तर त्याला नांवें ठेवण्याची घाई करूं नये. त्या खड्यांनीं वारा अडविलेला असतो.

मग मर्यादा कोठें ओळखावी? मला एकच कसोटी सांपडली आहे. अब्रू बाहेरच्यांपासून घराचें रक्षण करीत आहे तोंपर्यंत ती बरी. ती घरच्या माणसाला घरापासून दूर ठेवूं लागली, बहिणीला माहेरीं येतांना संकोच वाटूं लागला, भावाला भाचीपुतणीच्या लग्नांत ताप येऊं लागला, कीं तट पडण्याची वेळ आली असें समजावें. आणि तो तट पहिल्यानें कोणी पाडावयाचा, ह्याचें उत्तर तात्यांनीं पांझरेच्या कांठीं दिलेंच आहे. कोट पहिल्यानें मोठ्यानें उतरावयाचा असतो. ज्याची ऐपत जास्त, ज्याचा मान जास्त, ज्याच्या घरचें कार्य, त्यानें. धाकट्यानें तो आधीं उतरला तर ती त्याची गरिबी ठरते. मोठ्यानें उतरला तर ती सर्वांची मोकळीक होते.

हें आमच्या खानदेशानें एकदां साऱ्या देशाला दाखविलें आहे. १९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें अधिवेशन फैजपूरला भरलें. तोंपर्यंतचीं अधिवेशनें शहरांत होत. खेड्यांत भरलेलें हें पहिलें. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. खेड्यांत, खेड्याला परवडेल अशा रीतीनें अधिवेशन व्हावें, हा महात्माजींचा आग्रह होता. शोभेचें काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे होतें. त्यांनीं शहरांतून झुंबरें आणि मखमल मागविली नाहीं; बांबू आणि गांवांत मिळणाऱ्या साध्या वस्तु यांतूनच नगर सजविलें. त्यांत दारिद्र्य दिसलें नाहीं, डौल दिसला. साधेपणा म्हणजे गबाळेपणा असें मानणारे आपल्यांत पुष्कळ आहेत; त्यांनीं फैजपूर आठवावें. मला येथें सांगावयाचें आहे तें निराळेंच. सर्व हिंदुस्थान ज्यांच्याकडे पाहत होता, त्यांनीं बांबूची कमान पुरेशी मानली. त्यामुळें यावल तालुक्यांतल्या शेतकऱ्याला त्या कमानीखालून जातांना आपल्या अंगावरच्या सदऱ्याची लाज वाटण्याचें कारण उरलें नाहीं.

आज लोकरीचा कोट कोणी वाटून घेत नाहीं. पण काळोपंत गेले, असें मात्र मला वाटत नाहीं. ते हप्त्यांनीं घेतलेल्या मोटारींतून हिंडतात. लग्नांत भाड्याच्या पोषाखाच्या रूपानें येतात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तर त्यांचा मुक्कामच असतो. मध्यंतरीं मी कुटुंबासह पद्मालयास गेलों होतों. एरंडोलजवळ, रानांत, कमळांच्या तळ्याकांठीं तें गणपतीचें देऊळ आहे. एकाच गाभाऱ्यांत डाव्या व उजव्या सोंडेच्या दोन मूर्ति आहेत. तळ्याकांठीं एक कुटुंब छायाचित्रें घेत होतें. दर चित्राला आजीबाईंना बाजूला सरकावयाला सांगत होते, कारण त्यांचें लुगडें जुनें होतें. आजीबाई न कुरकुरतां सरकत होत्या. मला एकदम मांडवाच्या दाराकडे पाहणारी आक्का आठवली. चित्र सुरेख आलें असेल. पण त्यांतून एक माणूस गळलें तें गळलेंच.

म्हणून मी म्हणतों, साधी सहल ही चैनीची बाब नाहीं. तट उतरण्याला संसारांत जी थोडीं ठिकाणें आहेत, त्यांतलें तें सर्वांत सोपें. आणि आपल्या दोन जिल्ह्यांत अशा ठिकाणांना तोटा नाहीं. जळगांवकरांना मेहरूणचें तळें घराशीं आहे. थंडींत तेथलीं बोरें खिशांत भरून दोन तास हिंडावें. चोपडें तालुक्यांत अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं उनपदेवचा ऊन पाण्याचा झरा आहे. चाळीसगांवजवळ पाटणादेवीचें रान आहे. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिल्याचा शिलालेख त्या परिसरांत सांपडला. मुलांना गणिताचा कंटाळा असेल, तर त्यांना तेथें नेऊन भाकरी खाऊं घालावी. धुळेकरांना दक्षिणेला मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला आहे. गांवांतच राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यालाच वारले आणि पुढच्याच वर्षीं तें स्थापन झालें. एक दुपार तेथें आजोबांनीं नातवंडांना घेऊन काढावी. पाचोऱ्याहून जामनेरला अरुंद रुळांवरून जाणारी छोटी आगगाडी सुमारें शंभर वर्षें कित्येक गरीब घरांची सहल होती. २०२० मध्यें ती थांबली. तिच्यांत बसलेल्या माणसांनीं आपल्या मुलांना तिची आठवण सांगावी, हेंही सहलीसारखेंच आहे.

निघतांना दोन गोष्टी पाळाव्या. पहिली, खर्चाचा आंकडा मुलांना आधींच सांगावा. "आज आपल्याजवळ इतके पैसे आहेत, त्यांत काय काय होईल तें तुम्हीच ठरवा," असें म्हटलें कीं मुलें जपून खर्च करावयाला शिकतात, आणि नाहीं म्हणावें लागलें तर तें बापाचें तोंड पाहून समजावें लागत नाहीं. आमच्या लहानपणीं आम्हांला "पोट भरलें" म्हणावयाला शिकविलें होतें. त्यापेक्षां "एवढेंच आहे, वाटून खाऊं" हें वाक्य सोपें आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सोबत कोणाला न्यावयाचें हें ठरवितांना, जो संकोचानें येणार नाहीं त्याला पहिल्यानें बोलवावें. आणि तो येईल अशा थाटानें आपण निघावें. त्याच्याजवळ वाहन नसेल तर आपण एस. टी. नें जावें. त्याच्या डब्यांत चटणीभाकरी असेल तर आपल्या डब्यांत पक्वान्न नसावें. हें करतांना उपकाराचा शब्द तोंडातून निघूं नये. तात्यांनीं काकांना कधीं कोट घेऊन दिला नाहीं. त्यांनीं स्वतःचा काढून ठेवला.

त्या काळोपंतांचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. कांहीं वर्षांनीं दोघां भावांचें बरें चाललें आणि दोघांनींही आपापले कोट शिवले. जुन्या कोटाचीं कोपरें तोंवर विरलीं होतीं. पुढच्या भरिताला तात्यांनीं तो बरोबर आणला. आम्हां सर्वांना नवल वाटलें, कारण त्या दिवशीं त्याला आमंत्रण नसे. शेतांत पोंचल्यावर त्यांनीं तो उलटा करून आंब्याखालीं अंथरला आणि आजीला म्हणाले, "बैस, खालीं काट्याकुट्या आहेत." आजी बसली. काका म्हणाले, "दादा, काळोपंतांना अखेर घरचें माणूस मिळालें." त्या कोटावर आजी पुढें पुष्कळ वर्षें बसली.

श्रोतेहो, आपल्या नात्यांतही कोणाचें तरी "बारीक ताप आहे" असें पत्र येण्याचा संभव असतो. आपल्या घरीं कांहीं कार्य निघालें असेल, किंवा येत्या रविवारीं कोठें जाण्याचा बेत असेल, तर तें पत्र येण्याची वाट पाहूं नका. आदल्या दिवशीं त्याच्या घरीं जाऊन या. आणि जातांना कोट घालूं नका.